स्व, पर आणि जर्नल

संशयी : माझ्या पुतणीने एम.एस्सी.साठी इम्युनॉलॉजी, म्हणजे आपल्या भारदस्त मराठीत रोगप्रतिकारशास्त्र, हा विषय घेण्याचे मनात आणले आहे, आणि कुटुंबात डॉक्टर म्हणून मी एकटाच असल्यामुळे तिच्या वडिलांनी ते प्रकरण अभिप्रायार्थ माझ्याकडे वर्ग केले आहे. माझा अभिप्राय प्रतिकूल आहे. परंतु आपण हाच विषय विद्यापीठात तीस वर्षे शिकविला असल्याने, माझे आक्षेप आपल्या कानांवर घातल्यावाचून ते कळविणे मला अप्रशस्त वाटले. तिने आणलेले कुबीचे पाठ्यपुस्तक मी दोन रात्री चाळले, आणि त्यात मला शास्त्र थोडे व बारनिशी फार आढळली. पेशींच्या पृष्ठभागावरील रेणूंना ‘सीडी’ हे उपपद लावून दिलेले क्रमांक साडेतीनशेच्या पुढे गेले आहेत. पेशींनी एकमेकींना धाडावयाचे जे निरोप, त्या इंटरल्यूकिनांची संख्या चाळिशीच्या घरात आहे. आणि त्यांतला एकच निरोप एका पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगतो, तर दुसरीला ‘थांब’ म्हणून. चार सूत्रे हाती घ्यावीत आणि उरलेले अनुमानाने काढावे, ही प्रकाशशास्त्रातली सोय ज्या विषयात नाही, तो शिकणे म्हणजे एखाद्या बुडालेल्या संस्थानाच्या दप्तरखान्यात उमेदवारी करणे होय.

अनुरागी : दप्तरखान्याची उपमा आपण निंदेसाठी योजिली, तरी मी ती आनंदाने उचलतो, कारण दप्तरात मुरलेला मनुष्य रुमालांवरचे क्रमांक पाठ करीत बसत नाही, तो रुमाल सोडतो. ‘बी’ पेशी या नावाचाच रुमाल सोडून पाहू. कोंबडीच्या शरीरात मलमार्गालगत एक लहानशी पिशवी असते. पादुआच्या फाब्रिसियस नावाच्या शरीरविदाच्या नावाने ती ओळखली जाते, आणि तिचे प्रयोजन काय हे तीन शतके कोणालाही सांगता आले नव्हते. १९५० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा एक संशोधक विद्यार्थी ही पिशवी कोंबड्यांच्या अंगातून काढून टाकून पुढे काय बिघडते ते पाहत होता, आणि काहीच बिघडत नव्हते. त्याचा सहाध्यायी टिमथी चांग याला वर्गापुढे प्रतिपिंडांच्या निर्मितीचे प्रात्यक्षिक करून दाखवावयाचे होते. त्याने ग्लिककडून कोंबड्या मागून आणल्या, त्यांना साल्मोनेला जंतूंपासून केलेले द्रव्य टोचले, आणि भर वर्गात त्याची फजिती झाली. कारण बऱ्याच कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचा मागमूसही लागेना. दोघांनी मग नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा दगा देणाऱ्या कोंबड्या पिशवी काढलेल्या निघाल्या. ‘सायन्स’ या पत्राने त्यांचा निबंध साभार परत केला आणि अखेर १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापून आला. त्या पिशवीचे नाव ‘बर्सा’, आणि तिचे आद्याक्षर ते आपले ‘बी’. माणसाला ती पिशवी नाही. आपल्या ‘बी’ पेशी अस्थिमज्जेत घडतात. पण नाव राहिले. आता मला सांगा, हे पाठांतर झाले की इतिहास?

संशयी : इतिहास गोड आहे, आणि तोच माझ्या बाजूची साक्ष देतो. हे चांग महाशय आमच्या एखाद्या कॉलेजात असते तर काय झाले असते, ते मी आपणांस प्रत्यक्ष पुराव्याने दाखवितो. पुतणीने आपले बी.एस्सी.चे जर्नल माझ्यापुढे ठेवले. त्यात ऑक्टरलोनीचा प्रयोग आहे: काचेच्या स्लाइडवर अगारोजचा पातळ थर ओतून तो गोठला की त्यात पंचाने विहिरींसारखी भोके पाडावयाची, मधल्या विहिरीत प्रतिपिंडांचे सीरम, भोवतालच्या विहिरींत निरनिराळे प्रतिजन घालावयाचे, आणि स्लाइड ओलसर डब्यात रात्रभर ठेवावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्लाइडवर काहीच नव्हते. विहिरी होत्या, जेल होते, रेघ नव्हती. पूर्वी अशा वर्गासाठी कॉलेजात ससे पाळीत. आता प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम कडक झाले, ते योग्यच झाले. पण त्यामुळे सीरम किटमधल्या इवल्याशा कुपीतून येते आणि वीस विद्यार्थ्यांत वाटले जाते, तेव्हा प्रयोग पुन्हा करण्याची मुभा नसते. तिने शेजारच्या बॅचच्या मुलीच्या वहीतून तीन रेघा पाहून उतरविल्या, ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली ठरलेले वाक्य लिहिले, आणि जर्नल सर्टिफाय होऊन एक्स्टर्नलपुढे गेले. त्या पानावर लाल शाईने ‘उत्तम’ असा शेरा आहे. चांगची फजिती हा शोध ठरला. आमच्याकडे फजितीला पानच नाही.

अनुरागी : याला माझ्याजवळ उत्तर नाही. असले शेरे मीही मारलेले आहेत, जूनच्या उकाड्यात, ऐंशी वह्यांचा ढीग समोर असताना. परंतु ती रेघ काय असते, हे आपण ऐकून घ्या. कारण जी रेघ तिला दिसली नाही, तिच्यासाठीच मी या विषयात राहिलो. प्रतिपिंडे आणि प्रतिजन जेलमधून एकमेकांकडे सरकत येतात, आणि जेथे त्यांचे प्रमाण जुळते तेथेच ती एकमेकांत गुंतून गोठतात. सकाळी स्लाइड दिव्यापुढे तिरपी धरली तर तेथे दह्याच्या निवळीत दिसावा तसा एक पांढुरका तंतू दिसतो. दोन शेजारच्या विहिरींत एकच पदार्थ असेल तर दोन्ही तंतू टोकाशी मिळून कमान होते. पदार्थ अगदी भिन्न असतील तर ते एकमेकांना छेदून निघून जातात. आणि पदार्थ अर्धवट सारखे असतील, तर कमान होते खरी, पण तिच्या एका टोकाला बारीकसा काटा फुटतो. तो काटा मला चोविसाव्या वर्षी दिसला. एका पदार्थाचे दुसऱ्याशी असलेले अपुरे नाते, कोणतेही यंत्र न लावता, नुसत्या डोळ्यांनी मी पाहत होतो. आणि ते नाते ओळखणारा मी नव्हतो, एका सशाच्या रक्तातले द्रव्य होते. सशाला हे कोणी शिकविले, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

संशयी : आपला ससा आपणांस लखलाभ. माझा दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे. या शास्त्राने जगाला जे दिले म्हणून सांगितले जाते, ते बव्हंशी शास्त्र जन्मण्यापूर्वीच हाती आले होते. जेन्नरने १७९६ साली गोस्तनदेवीचा लेप एका मुलाच्या हातात घातला, तेव्हा विषाणू ही वस्तू कोणाच्या स्वप्नातही नव्हती. सहा वर्षांत ती लस मुंबईला पोचली आणि १८०२ च्या जूनमध्ये तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला टोचली गेली. हाफकिन १८९६ साली प्लेगाच्या मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका व्हरांड्यात त्याने प्रयोगशाळा थाटली, पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांना लोंबणारी प्लेगजंतूंची झुंबरे वाढविली, ती उष्णतेने मारली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःला टोचून घेतली. त्याला ‘टी’ पेशी ठाऊक नव्हत्या, ‘बी’ पेशी ठाऊक नव्हत्या. तूप मात्र ठाऊक होते. माझ्या दंडावर देवीचा वण आहे. तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला, आणि तो नाहीसा करणाऱ्या गावोगावच्या टोचणाऱ्यांपैकी किती जणांनी आपले पुस्तक वाचले होते?

अनुरागी : फारच थोड्यांनी. आणि आपल्या दंडावर दुसरा वण कशाचा आहे?

संशयी : बीसीजीचा. शाळेत टोचला.

अनुरागी : त्याचेही तसेच सांगा पाहू. बीसीजी हाही अनुभवातून आलेलाच उपाय. आपल्या देशात तो १९४८ पासून टोचला जाऊ लागला; आणि १९६८ साली मद्रासजवळच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात अडीच लाखांहून अधिक माणसांवर त्याची जी कसोशीने परीक्षा आरंभिली गेली, तिचा निकाल असा लागला की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून त्या लशीने काहीच संरक्षण दिले नाही. इंग्लंडातल्या शाळकरी मुलांना तीच लस चांगली लागू पडली होती. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती वाचविते, म्हणून आजही आपण ती जन्मल्याबरोबर देतो. एक लस, दोन देश, दोन वयोगट, आणि एवढा फरक! हाफकिनचे तूप येथे कामाला येत नाही. अनुभवसिद्ध उपाय जोवर चालतो तोवर शास्त्रावाचून अडत नाही, हे मी मान्य करतो. पण तो चालेनासा झाला की ‘का’ हे विचारावयाला कोणी तरी तालीम घेतलेला माणूस असावा लागतो.

संशयी : आणि तालीम घेतलेल्या माणसांनी ‘का’ याचे उत्तर दिले?

अनुरागी : पूर्ण नाही. मातीत आणि पाण्यात राहणारे क्षयजंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद आपल्याकडील माणसांच्या आधीच परिचयाचे झालेले असतात आणि त्यामुळे लशीला नवे काही शिकविता येत नाही, असे एक अनुमान आहे.

संशयी : अनुमान! अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर! मग माझ्या दुकानात आणि आपल्या विद्यापीठात अंतर एवढेच की मी ‘ठाऊक नाही’ हे मराठीत म्हणतो. पण याहूनही माझी जी खरी तक्रार आहे, ती आपल्या विषयाच्या भाषेविषयी आहे. पुस्तक उघडावे तो सर्वत्र युद्ध: शत्रू, आक्रमण, संरक्षक फळी, मारेकरी पेशी. बर्नेट आणि मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या विचारासाठी, त्याचा सारांश आपली मंडळी असा सांगतात की शरीर ‘स्व’ आणि ‘पर’ यांत भेद करते. स्वकीयांना अभय, परकीयांना हद्दपारी. हे शास्त्र आहे की एखाद्या संस्थानाचे फर्मान? पोटात अब्जावधी जंतू नांदतात, त्यांना कोणी हाकलीत नाही. आपण रोज परका भात आणि परकी डाळ पोटात घालतो. गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या देहाला निम्मा परका, तरी तो नऊ महिने राहतो. आणि उलट, मधुमेह झालेल्या एखाद्या आठ वर्षांच्या मुलाच्या शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन घडविणाऱ्या पेशी मारून टाकलेल्या असतात. त्या तर शुद्ध स्वकीय. नियम असा, आणि अपवाद घरोघरी.

अनुरागी : आपले अपवाद अपुरे आहेत, मी भर घालतो. शुद्ध परके प्रथिन जनावराला नुसतेच टोचले तर बहुधा काहीच घडत नाही. त्यात तेल आणि मेलेले क्षयजंतू मिसळावे लागतात, तेव्हा कोठे शरीर जागे होते. प्रत्येक प्रयोगशाळा हे करीत होती आणि कोणी त्यावर बोलत नव्हते. १९८९ साली चार्ल्स जेनवे यांनी हे आपल्या शास्त्राचे ओंगळ गुपित म्हणून चारचौघांत सांगितले, आणि पुढे १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी असा पक्ष मांडला की शरीर परकेपणाकडे पाहतच नाही, ते इजेकडे पाहते. तो पक्ष सर्वमान्य झाला नाही, आणि पहिलाही पूर्ववत् उरला नाही. तिकडे जपानात साकागुची यांनी १९९५ साली दाखविले की प्रतिकार करणाऱ्या पेशींतच काही पेशींचे काम इतरांना आवरण्याचे असते. त्या काढून घेतल्या तर उंदीर स्वतःच्याच देहावर उठतो. त्या शोधाला नोबेल मिळावयास २०२५ साल उजाडले. म्हणजे स्वकीयांना अभय हा जन्मसिद्ध हक्क नव्हे. त्यासाठी रोज बंदोबस्त ठेवावा लागतो. आणि भाषेचे म्हणाल, तर गंमत अशी की ‘इम्युनिटी’ हा मूळ लॅटिन शब्द युद्धाचा नाहीच, तो महसुलाचा आहे: सार्वजनिक करापासून आणि वेठीपासून ज्याला सूट आहे तो ‘इम्यूनिस’. आपण ‘प्रतिकार’ हा शब्द न घेता ‘माफी’ हा घेतला असता, देवी आलेल्या माणसाला देवीची माफी मिळाली असे म्हटले असते, तर आपले विद्यार्थी पेशींना शिपाई न समजता इनामदप्तराचे कारकून समजले असते. ते सत्याच्या थोडे अधिक जवळ आहे. आपली बहुतेक प्रत्येक पेशी आपल्या अंतरंगात घडणाऱ्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, आणि फिरती ‘टी’ पेशी ते दाखले तपासून पुढे जाते. तुकडा आणि तो मांडणारी चौकट ही दोन्ही मिळूनच ती वाचते, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली उघडकीस आणले.

(दप्तराची ही उपमा अनुरागी महाशयांना इतकी का रुचावी, याचे कारण त्यांची उभी हयात सरकारी अनुदानाच्या पत्रव्यवहारात गेली हे असावे, अशी लेखकाला शंका आहे. उपमा बदलली म्हणजे आकलन बदलले असे होत नाही. पण कोणती उपमा कोठे फाटते हे ज्याने दोनदा पाहिले, तो तिसरीवर जपून बसतो, एवढे कबूल करावे लागेल.)

संशयी : शिपायाऐवजी कारकून. ठीक आहे, मला शिपाई बरा वाटत होता. तो निदान लवकर येतो. परंतु आपण जे आता सांगितलेत, त्याने माझा आक्षेप मेला नाही, त्याने जागा बदलली. विषय पोकळ आहे असे मी आता म्हणणार नाही. मी म्हणेन की त्याचे तत्त्व जेथे फाटते तेथेच तो विषय राहतो, आणि विद्यापीठ परीक्षा घेते ती न फाटलेल्या भागाची. ‘स्व आणि पर यांतील भेद स्पष्ट करा, गुण आठ.’ या आठ गुणांत पोटातले जंतू कोठे बसवावयाचे?

अनुरागी : आपण दवाखान्यात रोज विडाल लिहून देत होता की नाही?

संशयी : देत होतो. सगळेच देतात.

अनुरागी : ती प्रतिपिंडांचीच चाचणी, विडालने १८९६ साली काढलेली. विषमज्वर जेथे घरोघरचा आहे तेथे धडधाकट माणसाच्या रक्तातही जुन्या आजाराची किंवा लशीची प्रतिपिंडे असावयाचीच. तेव्हा एकाच वेळच्या विडालवरून फारसे काही ठरत नाही, हे आपणांस ठाऊक होते?

संशयी : होते. पण तापाने फणफणलेल्या पोराच्या बापाला हातात कागद हवा असतो. आपला प्रहार मी सोसतो. मी तो आकडा वाचला, आणि कोणत्या गावात वाचतो आहे हे विसरलो.

अनुरागी : मग आता मुंबईचीच गोष्ट घ्या. लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगटांचा जो तक्ता दिला, तो आज शाळकरी मुलालाही पाठ असतो: ‘ओ’ गटाचे रक्त सर्वांना चालते. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा माणसांचे वर्णन प्रसिद्ध केले की ज्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. ‘ए’ आणि ‘बी’ ही द्रव्ये ज्या पायावर उभी राहतात तो ‘एच’ नावाचा पायाच त्यांच्या रक्तपेशींवर नसतो. म्हणून ‘ओ’ रक्तातला ‘एच’ त्यांच्या रक्ताला परका. जगभर हा गट आज ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो. स्लाइडवर अँटी-ए आणि अँटी-बी यांचा एकेक थेंब टाकला तर हे रक्त दोन्हींत स्वस्थ राहते, आणि तक्ता पाठ असलेला मनुष्य बिनदिक्कत ‘ओ’ लिहून मोकळा होतो. उलटी तपासणी केली, म्हणजे त्या माणसाचे सीरम घेऊन त्यात ‘ओ’ गटाच्या पेशी घातल्या, तरच लाल गुठळ्या दिसतात. तेथे त्या दिसावयास नकोत. तक्ता जेथे खोटा ठरतो, तेथे चुकीची बाटली चढली तर माणूस दगावतो. आपल्या पुतणीने पाठ केलेला तक्ता आणि तिने न पाहिलेली रेघ, यांतले काय तिच्या उपयोगी पडेल असे आपणांस वाटते?

संशयी : रेघ. परंतु भेंडे हे इम्युनॉलॉजीचे एम.एस्सी. नव्हते. ते वैद्यक महाविद्यालयातले, रोजच्या रोज रक्त हाताळणारे. त्यांना अपवाद भेटला कारण त्यांच्या दारात माणसे येत होती. आपल्या वर्गाच्या दारात कोण येते? कुपी येते, आणि तीही वीस जणांत एक.

अनुरागी : माणसे येत नाहीत, हे खरे. म्हणून तर मला वाटते की हा अभ्यासक्रम रक्तपेढीच्या किंवा लस-कारखान्याच्या भिंतीला लागूनच चालवावा. परळला आणि पुण्याला ते सहज शक्य आहे.

संशयी : शक्य आहे, आणि केले जात नाही. पोटापाण्याचा प्रश्न मी मुद्दाम लांबविला होता. तो थोडक्यात उरकू. पुण्याच्या लस-कारखान्यात गुणवत्ता-तपासणीची जागा, एखाद्या किट-कंपनीत विक्रीची, किंवा नेट देऊन दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत नाहीतर पुण्यातल्याच पेशीविज्ञान केंद्रात पीएच.डी.; उपाशी कोणी मरत नाही, श्रीमंतही कोणी होत नाही. तिच्या वडिलांना मी एवढेच सांगणार होतो. पण तिने परवा जे विचारले ते मी त्यांना सांगितलेले नाही. ती म्हणाली, ‘काका, तुमच्या दंडावर दोन वण आहेत, माझ्या एकच. तो अजून काही काम करतो का, आणि करतो की नाही हे कसे शोधायचे?’ मी म्हटले, पुस्तकात असेल. तर म्हणाली, ‘पाहिले. नाही.’

अनुरागी : आणि असे विचारणाऱ्या मुलीला आपण ‘घेऊ नको’ म्हणणार?

संशयी : तिने हे विचारले ते अजून शिकली नाही म्हणून. दोन वर्षे आपल्या वर्गात बसल्यावर ती हे विचारील, की आठ गुणांचे उत्तर लिहील? जेथे ‘उत्तम’ असा शेरा मिळाला आहे, तेथे पुन्हा शंका काढण्याची सवय किती दिवस टिकते, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. माझे विडालचे कागद आठवा.

अनुरागी : ही भीती मलाही आहे. तिला माझ्याकडे पाठवा. जर्नल घेऊन येऊ द्या, आणि ती कोरी स्लाइड ठेवली असेल तर तीही. सीरम मेले होते, की विहिरी फार दूर पडल्या होत्या, की प्रतिजनच भलता होता, हे जेल पाहून कदाचित सांगता येईल.

संशयी : स्लाइड कोठली? ती धुऊन परत करावी लागते. नाहीतर ब्रेकेजमध्ये पैसे कापतात.